रकाना पाचवा

शहरातून अर्ज आलाय, चार पानी.
फादर उर्बानो म्हणाले, साबिना, तूच भर,
वर्षभर त्याला जेवू घातलंस तू.
मला अक्षर धड येत नाही. मी सांगते, नात लिहिते.

स्वयंसेवकाचं नाव: आन्सेल्मो तिओंगसन.
गाव: मलाबोन, मनिलाच्या अंगाला.
समुद्राकाठचा, म्हणजे पाणी ओळखत असेल,
असं आम्हा मिंदानाओच्या डोंगरातल्यांना वाटलं.

हा अकरावा. दर जूनला एक येतो,
पाठीवर बोजा, गळ्यात लाकडी क्रूस,
आणि डोळ्यांत ती घाई,
मोटरसायकलवरून उतरल्या उतरल्या
काहीतरी उचलायला शोधणारी.
मी प्रत्येकाच्या हातात आधी बादली देते.
झरा खाली आहे, दोनशे अकरा पायऱ्या.
वर येईपर्यंत निम्मी घाई सांडलेली असते.

रकाना दुसरा: कामाचं स्वरूप.
गणित शिकवायचा. मुलांना त्याची तागालोग कळेना,
त्याला मुलांचं हसू.
मग मक्याचे दाणे मांडले त्यानं जमिनीवर,
आणि एक दिवस हिशेब चुकला
कारण कोंबडीनं सात खाल्ले.
त्या दिवशी वजाबाकी सगळ्यांना आली.

रकाना तिसरा: प्रार्थनेत सहभाग.
यायचा. आधी पहिल्या बाकावर,
मग चौथ्या, मग दाराशी.
हे नको लिहायला, नात म्हणाली.
लिही, म्हटलं. दाराशी बसतो त्यालाच
बाहेरची हाक आधी ऐकू येते.

त्यालाच आली त्या रात्री.
रुफिनोचं धाकटं, तापानं फणफणलेलं,
आणि झुलता पूल तिन्हीसांजेलाच वाहून गेलेला.
पोराला पाठीशी बांधून हा नदीपर्यंत गेला.
पलीकडे दवाखान्याचा दिवा दिसत होता, म्हणे,
इतका जवळ की फुंकर मारली तर विझला असता.
काठावर बसून राहिला, आपला सदरा त्याला गुंडाळून.
पाणी पहाटे ओसरलं.
पोर त्याच्या आधी गेलं.

नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या
तसा रुफिनो कोंबडा घेऊन आला,
घरात होता तो एकच.
दारात ठेवला, पाय बांधून.
तू त्याला थंडी लागू दिली नाहीस, म्हणाला,
आणि लगेच उतरून गेला,
अबाकाच्या वाखाचे भारे उन्हात टाकायचे होते.

मी तो रांधला, गवती चहाची पात घालून.
सेल्मो ताटापुढे नुसता बसलेला.
घास उतरत नाही, म्हणाला, माझा काय हक्क?
मला राग आला. येतो मला.
म्हटलं, आल्यापासून देत सुटलायस,
आता कुणी देतंय तर हात आखडतोस?
तू खाल्लं नाहीस तर तो माणूस ऋणात राहील,
आणि त्याच्याकडे उरलंय काय फेडायला?

खाल्लं त्यानं. हाडंसुद्धा चोखली.
दुसऱ्या दिवशी रुफिनोच्या घरी
मी रिकामं पातेलं दाखवून आले.

चौथा रकाना पैशांचा, तो फादर भरतील.

पाचवा: स्वयंसेवकाने गावात कोणता बदल घडवला?
नात पेन धरून बसलीये.
पूल नवा होतोय, पण तो सरकारी, आणि अजून अर्धा.
मुलं वजाबाकीला कोंबडी म्हणतात.
तो मे महिन्यात गेला, चपला विसरून.
झऱ्यावर जाताना मी त्या घालते.
मोठ्या होतात, पाऊल आत पुढेमागे सरकतं,
पण काटा लागत नाही.

हा बदल धरायचा का, नात विचारते.
रकाना बोटभर आहे गं. राहू दे कोरा.
खाली इतर सूचना म्हणून जागा आहे ना, तिथे लिही:
बारावा पाठवाल तेव्हा पोहता येणारा पाठवा.
आणि खडू.
आणि घंटेला दोर, जुना तुटत आलाय.